फुटक्या अंड्यांची परडी

ईस्टरच्या रविवारी सकाळी सहा वाजता धाकटीने साखरेचं अख्खं अंडं ओट्यावर आपटलं. ते फुटलं नाही.

तिने आधी ओट्यावर पांढरं फडकं पसरलं होतं, खिडकी लावून घेतली होती, पंखा बंद केला होता. अंडं ओंजळीत जेमतेम मावणारं, आतून पोकळ, बाहेरून दुधी रंगाचं. त्यावर निळ्या साखरेची वेल आणि वेलीला पिवळी फुलं. आदल्या दिवशी दुकानातल्या मुलीने तान्हं मूल हातात द्यावं तसं ते दोन्ही हातांनी दिलं होतं आणि सांभाळून न्या, असं दोनदा बजावलं होतं. धाकटीने दोन्ही वेळा मान डोलावली होती.

फुटके तुकडे मिळतील का, हे तिने आधी विचारून पाहिलं होतं. मुलीला प्रश्नच कळला नाही. आतून मालक आला, त्याला वाटलं ही तक्रार घेऊन आली आहे. मग त्याने समजुतीच्या स्वरात सांगितलं की फुटलेला माल परत वितळवतात, आणि आता फारसं काही फुटतही नाही, साचे चांगले निघाले आहेत. धाकटी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काम करत असे. समोरचं उत्तर अपुरं वाटलं तरी नोंद करून पुढे जायची तिला सवय होती. तिने अख्खं अंडं घेतलं.

दुसऱ्या खेपेला ते निसटून फडक्यावरच गडगडलं. अंडं फोडणं इतकं अवघड असेल याची तिला कल्पना नव्हती. जोरात हाणावं तर भुगा व्हायची भीती, हळू मारावं तर नुसता ओरखडा. शेवटी तिने ते डाव्या तळहातावर धरलं आणि जड चमच्याच्या मुठीने वेलीच्या बाजूने ठोके द्यायला सुरुवात केली. पाचसहा ठोक्यांनंतर बशीवर बशी टेकावी तसा आवाज झाला आणि तळहातातलं ओझं एकाएकी सैल पडलं.

तुकडे चांगले निघाले. काही बोटाएवढे, काही तळव्याएवढे, एक तर कपाच्या कानासारखा वळलेला. नखाएवढे बारीक कपचेही तिने बोटाला पाणी लावून टिपून घेतले. भाजीच्या वेताच्या परडीत कागदाच्या कातरणीचं घरटं केलं आणि त्यात ते सगळे ठेवले. मग ती जरा वेळ परडीकडे बघत राहिली. घरात दुसरं कोणी नव्हतं, नाहीतर तिने नक्कीच विचारलं असतं, बरोबर दिसतंय ना?

तिच्या लेखी ईस्टरची परडी अशीच दिसायला हवी होती.

*

त्यांची आई गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात होती. ईस्टरच्या आधी तिथे साखरेची अंडी होत. दोन अर्ध्या साच्यांतून काढायची, साखरेच्या लेपाने जोडायची, बायकांनी त्यांवर वेली काढायच्या. यात पुष्कळ अंडी फुटत. पडलेला, तडकलेला, मुकादमाने नापास केलेला सगळा माल एका मोठ्या पेटीत जाई आणि शनिवारी सुट्टीच्या वेळी ज्या बाईला जेवढं हवं तेवढं तिने एप्रनच्या ओच्यात घालून न्यावं, असा रिवाज होता. आई ओचा दोन्ही हातांनी धरून घरी येई. दार उघडायला तिला हात मोकळे नसत, म्हणून ती पायाने दार वाजवी. ईस्टर आला हे मुलांना त्या आवाजावरून कळे.

मुलं तीन. ताई सगळ्यांत मोठी, मधला दादा आणि ही धाकटी. तिघांना तीन परड्या, परडीत कारखान्यातल्याच कागदाची कातरण, आणि त्यावर तुकडे. दादा आपले तुकडे दुपारपर्यंत चावून संपवी आणि मग बहिणींच्या परड्यांभोवती मांजरासारखा घुटमळे. ताई आणि धाकटी मात्र आपल्या परड्या एकत्र करत, पिठीसाखर पाण्यात कालवत आणि जोडायला बसत. खोलगट वाडग्यात रुमाल अंथरायचा, त्याच्या आधाराने तळापासून वर चढायचं. घरात या दिवसाला जोडणी असंच म्हणत. जोडणीला वेळेवर या, जोडणीच्या आत घर झाडून घ्या.

ते अंडं कधीच धड होत नसे. दहा अंड्यांचे दहा तुकडे ते, कुठली वेल कुठे जाणार? निळी वेल मध्येच तुटून गुलाबी होई, फुलाला देठ नसे, आणि मागच्या बाजूला हटकून मोठं भोक राही. भोक भिंतीकडे करून ताई ते कपाटावर ठेवी. मुंग्यांना पत्ता लागेपर्यंत ते तिथे राही.

धाकटीला वाटायचं, ईस्टरचं अंडं म्हणजे हेच. एकदा शाळेत बाईंनी सगळ्यांना ईस्टरचं अंडं काढायला सांगितलं. धाकटीने कागदभर तुकडे काढले, वेगवेगळ्या रंगांचे, शेजारी पिठीसाखरेची वाटी. बाईंनी हे काय म्हणून विचारलं तर ती म्हणाली, अंडं. वर्ग हसला. तेव्हा तिने आजूबाजूच्या पाट्या आणि कागद पाहिले, सगळी अंडी अख्खी. तिला त्या मुलांची फार दया आली. घरी येऊन तिने ताईला सांगितलं की बाकीच्यांच्या आया रात्रीच अंडी जोडून टाकतात, बिचाऱ्यांना काही करूच देत नाहीत.

हा किस्सा घरात पुढे कित्येक वर्षं चालला. तिने कशाविषयी नको तितकी सहानुभूती दाखवली की दादा म्हणे, आली बघा, अख्ख्या अंड्यांची कैवारी.

आणि मग ते एक वर्ष. धाकटी तेव्हा सहासात वर्षांची असेल. त्या सकाळी ताईने पहिला तुकडा वाडग्यात ठेवला, धाकटीने सहज हाताला लागलेला दुसरा पुढे केला, आणि तो बसला. नुसता बसला नाही, मिटला. फट राहिली नाही. वेल एका तुकड्यातून निघून दुसऱ्यात गेली, जसं काही मध्ये काही घडलंच नव्हतं. तिसरा बसला. चौथा बसला. दोघी बोलायच्या थांबल्या. दादा खायचं विसरून मागे येऊन उभा राहिला. वेल वर चढत गेली, फुलाला देठ मिळाला, देठाला पान मिळालं, आणि शेवटी एका नखाएवढ्या जागेत एक नखाएवढा कपचा उरला आणि तोही बसला. टेबलावर एकही तुकडा शिल्लक नव्हता. अंड्यात कुठे भोक नव्हतं.

आई चुलीपाशी बटाटे सोलत होती. मुलांनी हाक मारली तेव्हा ती आली, हात पुसून तिने अंडं उचललं, फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं. अरे वा, म्हणाली आणि परत बटाट्यांकडे गेली. धाकटी संध्याकाळपर्यंत त्या अंड्यासमोरून हलली नाही. फुटलेली वस्तू मनात आणलं तर स्वतःहून परत येऊ शकते, असं तिला वाटलं होतं. त्या दिवसाविषयीच्या प्रार्थनांमध्ये मेलेला पुन्हा उठल्याचं जे काही सांगत ते तिला त्याआधी कळलं नव्हतं आणि नंतरही तितकंसं कळलं नाही. पण ते अंडं तिने पाहिलं होतं.

पुढच्या आयुष्यात तिने पाण्याचे हजारो नमुने तपासले. कोणी काही सांगितलं की पुरावा मागायची तिची ख्याती होती. या एका गोष्टीची मात्र तिने कधी तपासणी केली नाही.

*

रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात ती साडेनऊला पोचली. ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. केस उजव्या बाजूने चापूनचोपून बसवलेले, डाव्या बाजूने रात्रीचेच विस्कटलेले. उजव्या गालाला पावडर.

"पिटू आली," ताई म्हणाली. "आज तरी या लोकांना सांग, ताटात धड वाढत जा म्हणावं. अर्धीच भाजी वाढतात. मेले कंजूष."

ताट शेजारीच होतं. उजवा अर्धा भाग पुसल्यासारखा स्वच्छ आणि डाव्या अर्ध्या भागात भाजी, भात, सगळं हात न लावलेलं. धाकटीने ताट फिरवून ठेवलं.

"ही आता कुठून आली?" ताईने विचारलं आणि खायला लागली.

महिन्यापूर्वी ताईच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली. डोळे तपासले, ते ठीक होते. डाव्या हातात जोर हळूहळू परत आला, निदान यंत्रावर तो दिसत होता. पण ताईच्या जगातून डावी बाजू गेली होती. दिसत नाही असं नाही, डॉक्टरांनी समजावलं होतं, ती बाजू असते हेच त्यांच्या हिशेबात नाही. धाकटीने हे तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा तिच्या अंगावर काटा आला. दार कुलूपबंद असणं वेगळं. इथे भिंतीत दार होतं हेच कोणी विसरलं होतं. ताईला घड्याळ काढायला दिलं की ती बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवी आणि कागद परत देई, वर म्हणे, आणखी काही? समोरच्या भिंतीवर आवाज करू नये अशी पाटी होती. ताईला त्यातलं फक्त करू नये दिसे.

"काय करू नये ते लिहीतच नाहीत," ती आल्यागेल्याला सांगे. "म्हणजे इथे काहीच करू नये."

आपल्याला काही झालंय हे तिला मान्यच नव्हतं. भाजी कमी वाढतात, पाट्या अर्धवट लिहितात, हवालदारासारखी एक बाई रोज येऊन उगाच हात हलवून घेते. त्या बाईंचं नाव तिने कवायतवाल्या बाई असं पाडलं होतं, आणि आता परिचारिकाही त्यांना तेच म्हणत.

ताईचं फोटो फ्रेम करून देण्याचं दुकान होतं. दुकानावरच तिची खोली. लग्नातले फोटो, पदव्या, गेलेल्या माणसांचे चेहरे, पोरांची पहिली चित्रं, सगळं तिच्या हाताखालून जाई. काच कापायचा हिरा तिच्या हातात पेनासारखा चाले आणि फ्रेमच्या पट्टीचा कोपरा जोडला की ती त्यावरून अंगठा फिरवी. अंगठ्याला काही लागलं नाही तरच तो जोड बरोबर. मंगळवारी सकाळी विभागातले सगळे बसून ठरवणार होते. ताईने कोणी न सांगता, स्वतःहून डाव्या बाजूचा शोध घेतला असं एकदा तरी दिसलं तर तिला आणखी दोन महिने इथे ठेवून तयार करायचं, मग घरी, दुकानात. नाहीतर ती एकटी राहू शकणार नाही. दादाने त्याच्या गावी खालच्या मजल्यावरची खोली रंगवून घेतली होती. दुकानाची जागा सोडण्याविषयी जागामालकाशी बोलणंही झालं होतं. दादाचं काही चुकत नव्हतं. धाकटीला रोज फोन करून तो तेच विचारे, काही फरक? आणि ती रोज खरं ते सांगे.

ताईला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपल्या दुकानाचा पत्ता देऊन ठेवत होती.

अंड्याची कल्पना धाकटीने कवायतवाल्या बाईंना शुक्रवारी विचारली होती. बाईंनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"करा," त्या म्हणाल्या. "फक्त एक. डावीकडे बघ, असं म्हणू नका. ते आम्ही महिनाभर म्हणतोय. म्हटलं की बघतात, आणि विसरतात. त्यांच्या त्यांना वाटलं पाहिजे."

*

दहाच्या सुमाराला त्यांनी मधल्या खोलीतलं गोल टेबल घेतलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. धाकटीने वाडगं ठेवलं, त्यात रुमाल अंथरला, शेजारी पिठीसाखरेची वाटी ठेवली आणि समोर मधोमध परडी. बाईंनी जाता जाता ताईचा डावा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला आणि त्या दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

ताईने परडीत पाहिलं.

"जोडणी?" मग तिने विचारलं.

"आज ईस्टर आहे."

"मला वाटलं तू विसरलीस. लेप घट्ट आहे ना? तुझा लेप नेहमी पातळ असायचा, नुसतं सरबत."

ती लागली कामाला. उजव्या हाताने तुकडा उचलायचा, कड बघायची, लेपात बुडवायचा, वाडग्यात लावायचा. पहिले दोन तुकडे जुळले तेव्हा ती नुसतं हं म्हणाली. पाचव्याला हात थबकला. वेल एकातून दुसऱ्यात जात होती. ताईने मान वर करून धाकटीकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि वेग वाढवला. ती दुकानात असताना दिसायची तशी दिसायला लागली, खालचा ओठ दातात, भुवया जवळ. धाकटी तिच्या बोटांकडे बघत राहिली. त्या बोटांना काहीच झालं नव्हतं. वाळेपर्यंत तुकडा नेमका किती दाबायचा आणि कधी सोडायचा, ते त्यांना ठाऊक होतं.

पण हात परडीच्या उजव्या अर्ध्या भागातच जात होता. तिथले तुकडे संपत आले, कातरण उघडी पडली. डाव्या अर्ध्या भागात तुकडे जसेच्या तसे होते, त्यांवर ऊन पडून ते चमकत होते. मध्ये वेताची एक काडीसुद्धा आडवी नव्हती.

ताईने शेवटचा तुकडा लावला, हात रुमालाला पुसला.

"झालं," ती म्हणाली.

वाडग्यात अर्धं अंडं उभं होतं. वरपासून खालपर्यंत सुरीने कापावं तसं अर्धं. डावीकडे काही नव्हतं, आतली पांढरी पोकळी दिसत होती. निळी वेल कडेपर्यंत येऊन थांबली होती. एवढी चांगली जोडणी धाकटीने आयुष्यात एकदाच पाहिली होती.

तिला बोलायचं होतं. दादाला संध्याकाळी काय सांगायचं ते तिच्या मनात तयारसुद्धा झालं, नेहमीचंच वाक्य. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

ताईने अंगठा पुढे केला. जोड तपासायला, सवयीने. अंगठा वेलीवरून फिरला, एक जोड, दुसरा, तिसरा, कुठे काही लागलं नाही, आणि मग तो एकाएकी पुढे घसरून आत गेला. ताईने तो मागे घेतला. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच घसरला.

"काठ आहे इथे," ती म्हणाली.

धाकटीने नजर परडीकडे जाऊ दिली नाही.

"अंड्याला काठ नसतो, पिटू."

"नसतो."

ताईने अंगठ्याने तो काठ वरून खाली आणि खालून वर चाचपला. खोलीत पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. ताईच्या चेहऱ्यावर आता चीड नव्हती, भाजीच्या वेळी होती तशी. एखादं गिऱ्हाईक अशक्य मापाचं चित्र घेऊन आलं की ती अशी शांत होई.

"तुकडे संपले?" तिने विचारलं.

"तू सांग."

"मला दिसतात तेवढे संपले."

मला दिसतात तेवढे. महिन्याभरात ताई असं काही बोलली नव्हती. दिसतं त्याच्या पलीकडे काही असू शकतं, ही शंका तिने आज पहिल्यांदा तोंडावाटे काढली होती, आणि तीही भाजी कमी पडल्याच्या सुरात नाही.

"हे आणलेस कुठून?" ताईने विचारलं. "कारखान्यातून?"

"कारखान्यात आता फुटकं मिळत नाही. अख्खं आणलं. सकाळी घरी फोडलं."

ताई हसली. हसू उजव्याच गालावर उमटलं, पण ते तिचं जुनं, दुसऱ्याला मूर्खात काढणारं हसू होतं.

"आईसारखं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? त्या वर्षी. तुला काय वाटलं, कारखान्याच्या पेटीतून सगळेच्या सगळे तुकडे येतील? पेटीत दहा बायकांचे हात."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आपण पाण्याच्या थेंबाथेंबाला प्रश्न विचारत आलो आणि हा इतका साधा प्रश्न आपल्याला सुचू नये. सकाळी ओट्यापाशी उभं राहून, हातात चमचा धरूनही सुचू नये.

ताईने मग सांगितलं, अंगठा काठावरच ठेवून. त्या पहाटे ती पाणी प्यायला उठली होती. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, समोर फडकं, हातात अख्खं अंडं. त्या वर्षी कारखान्याने जुन्या बायकांना एकेक अख्खं दिलं होतं. आईने इतकी वर्षं अंड्यांवर वेली काढल्या, पण अख्खं अंडं घरी कधी आणलं नव्हतं. ती ते हातात धरून नुसती बसली होती, बराच वेळ. उजेडासमोर धरून पाहत होती. मग तिने चमचा घेतला.

"का पण?" धाकटीने विचारलं.

"तू आदल्या रात्री लेप कालवून ठेवला होतास ना. उशाशी वाटी घेऊन झोपली होतीस."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? प्रार्थनेला उभी असल्यासारखी उभी होतीस त्या अंड्यासमोर दिवसभर. आणि खोटं थोडंच होतं काही? फुटलं होतं, जोडलं. आपणच जोडलं."

एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट हातातून गेली असं धाकटीला वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. जमिनीवर बसलेली आई तिला दिसत होती, उजेडासमोर अंडं धरलेली, आणि त्यापुढे ते अंडं स्वतःहून जुळून आलं असतं तरी लहानच ठरलं असतं.

ताईचं बोलणं मात्र तिथे संपलं नव्हतं. ती टेबलाकडे बघत होती, जिथे तिच्या दृष्टीने काहीच उरलं नव्हतं.

"घरी फोडलं असेल तर तुकडा हरवत नाही," ती सावकाश म्हणाली. "फडकं पसरलं होतंस?"

"हो."

"सगळं टिपून घेतलंस?"

"नखाएवढेसुद्धा."

"मग ते इथेच आहेत." ती थांबली. "मला दिसत नाहीत. पण इथेच आहेत."

तिने डोळे मिटले.

उजवा हात पुढे करून तिने परडी शोधली. परडीची कड हाताला लागली तशी तिने त्या कडेवर बोट ठेवलं आणि वेताच्या विणीवरून ते चालवायला सुरुवात केली, एकेक पीळ मोजल्यासारखं. बोट स्वतःपासून लांब, पलीकडच्या बाजूला गेलं. तिथे ते थांबलं. धाकटीला दिसत होतं की डोळे उघडे असते तर ते इथूनच मागे फिरलं असतं, रोज फिरत असे तसं. ताईचे मिटलेले डोळे थरथरत होते. कपाळावर घाम आला होता.

"परडी गोल असते," ती पुटपुटली.

बोट पुढे गेलं. वळणावरून आलं, डावीकडच्या बाजूने खाली उतरायला लागलं, ज्या बाजूला महिनाभर तिच्या जगात काही नव्हतं. आणि तिथे ते कशाला तरी लागलं. वेत नव्हता. ऊबदार होतं. टेबलावर ठेवलेला तिचाच डावा हात परडीच्या कडेला टेकून पडलेला होता.

ताईने तो चाचपला. मनगट, मग मागची बाजू, मग एकेक बोट.

"कोणाचा आहे?" तिने विचारलं. मग कोणी उत्तर द्यायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "या नखाला हिरा लागला होता. माझाच आहे."

धाकटीने डोळे पुसले नाहीत, हलल्याचा आवाज झाला असता.

ताईने डोळे मिटलेलेच ठेवून उजवा हात त्या हातावरून परडीत उतरवला. कातरण खसखसली. तिची बोटं तुकड्यांवर पडली, थांबली, पुन्हा पडली. इथे पुष्कळच होते. मग त्यातला एक तुकडा तिने चिमटीत घेतला, कपाच्या कानासारखा वळलेला, आणि अंड्याच्या बाजूला आणला. पण एका हाताने तुकडाही धरायचा आणि लेपही लावायचा हे जमण्यासारखं नव्हतं.

"धर," ती म्हणाली.

धाकटीने हात पुढे केला.

"तुला नाही सांगत."

धाकटीने हात मागे घेतला. ताईने तुकडा डाव्या हाताच्या बोटांत ठेवला आणि वाट पाहिली. काही झालं नाही. तुकडा बोटांवर नुसता ठेवलेला होता, आता कलंडेल असा. ताईने पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता, दुकानातल्या नव्या माणसाला सांगावं तसं. धाकटी त्या बोटांकडे बघत होती. आधी अंगठा हलला. इतका कमी की तो उन्हाचा भास असेल असं तिला वाटलं. मग तर्जनी.

ताईने उजवं बोट लेपात बुडवलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कवायतवाल्या बाई दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. तोपर्यंत तो तुकडा डाव्या हातात होता. अंगठा थरथरत होता. तुकडा पडला नव्हता.